हागबार्टची दुसरी शिरगणती

उत्तर नॉर्वेतल्या आमच्या कोलवीकमध्ये अक्षर सुंदर ते फक्त हागबार्टचं. होड्यांवरची नावं त्यानंच रंगवली, कबरींच्या दगडांवर कोरायचा मजकूर त्यानंच लिहून दिला, आणि सरकारी कचेरीत अर्ज करायचा असला की लोक एखादा ताजा कॉड मासा घेऊन त्याच्या दाराशी उभे राहत. माझ्या लग्नाच्या निमंत्रणांवरचे पत्तेही त्याच्याच हातचे. लग्न टिकलं नाही, पण उरलेली पाकिटं अजून माझ्याकडे आहेत.

या अक्षरापायीच सत्तर सालच्या शिरगणतीचं काम त्याच्या गळ्यात पडलं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. आमच्या भागासाठी त्या वर्षी एक जादा कागद होता. घरात सामी, म्हणजे इथल्या मूळ आदिवासींची भाषा बोलतात का? आईवडील बोलत होते का? आजीआजोबा? हागबार्ट कागदांची चामडी पिशवी खांद्याला लावून एकतीस घरं फिरला, आणि एकतीस घरांनी कानांवर हात ठेवले. छे, सामी? ते पलीकडे, स्टाइन्नेसला. खाडीपलीकडच्या स्टाइन्नेसवाल्यांनी त्यांच्या माणसाला सांगितलं, सामी ना, ते कोलवीकला. सामी लोक नेहमी पलीकडच्या गावातच राहत.

आम्हाला शाळेनं तेवढं शिकवलं होतं. तोंडातून ती भाषा निघाली की जेवण बंद आणि कोपऱ्यात उभं राहणं, हे माझ्या मोठ्या बहिणीनं पुरेपूर भोगलं. माझ्यापर्यंत येईस्तोवर घराघरांतले मोठे शहाणे झाले होते. मुलांच्या कानावर ती भाषा पडूच द्यायची नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. त्यामुळे मला शिक्षा कधी झाली नाही.

तर हागबार्टनं एकतीस वेळा त्याच वळणदार अक्षरात 'नाही' लिहिलं. घराघरांत त्याला कॉफी मिळाली, पाठीवर हात पडले. गावाची लाज राखणारा माणूस म्हणून लोक त्याला पुढे पन्नास वर्षं मान देत होते, आणि खरं सांगायचं तर मीही देत होते.

आणि मग सरकारचं मत बदललं. सरकारचं मत बदलायला वेळ लागतो, पण एकदा बदललं की ते घरी येऊन सांगतं. आम्हाला ते सिल्ये नावाच्या मुलीनं येऊन सांगितलं. ती दक्षिणेतून आली होती, निर्यात साहाय्य कचेरीतून. आदिवासींच्या उद्योगांनी परदेशी बाजारात उतरावं म्हणून सरकारनं एक योजना काढली होती, आणि आमच्या गावात उद्योग एकच होता, हागबार्टच्या नातीचा. इडुन तिचं नाव. वय अठ्ठावीस, हट्ट आजोबांचा. बंद पडलेल्या शाळेच्या वर्गात तिनं चार उभे माग लावले होते. ताण्याला खाली किनाऱ्यावरचे दगड बांधायचे आणि वरून विणत यायचं, पणजीच्या वेळची पद्धत. त्यावर ती ग्रेने विणत होती. ग्रेने म्हणजे जाड लोकरी पांघरूण, आमच्या बापजाद्यांनी होडीत अंगावर घेतलेलं. हॅम्बुर्गच्या एका मोठ्या दुकानाला ती हवी होती, अंगावर घ्यायला नव्हे, भिंतीवर टांगायला. पण दुकानाला हवी तेवढी विणायची तर आणखी माग हवे, माणसं हवी, आणि ते सरकारी मदतीशिवाय होणार नव्हतं. आणि ते झालं नाही तर इडुन गाव सोडून ट्रोम्सो शहरात कामाला जाणार होती. मग कोलवीकमध्ये साठीच्या आतलं कुणीच उरलं नसतं.

सिल्येला सगळंच आवडलं. दगड आवडले, वर्ग आवडला, शाळेच्या भिंतीवरचे जुने खिळेसुद्धा आवडले. तिच्या माहितीपत्रकावर रेनडिअर होता.

"आमच्याकडे रेनडिअर नाहीत हो," इडुन म्हणाली. "आम्ही मासेमारीवाले. मेंढ्या आहेत."

"चालेल ना," सिल्ये म्हणाली, "चित्र राहू दे. परदेशात लोकांना पटकन कळतं."

सगळे कागद झाले, एक राहिला. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसानं सही करून सांगायचं की माझ्या किंवा माझ्या आईवडिलांच्या घरात सामी बोलली जायची. मुदत शुक्रवार दुपार, साडेतीन. सर्वांत वयस्कर माणूस म्हणजे हागबार्ट, आणि घोडं अडलं ते तिथे.

"नाही," तो म्हणाला.

इडुननं दोन दिवस समजावलं, मग ती माझ्याकडे आली. "सोल्फ्रिडमावशी, तुमचं ऐकतील ते. त्यांना अजून लाज वाटते, त्याला मी काय करू?"

मी गेले. हागबार्ट खिडकीशी बसून जाळं दुरुस्त करत होता. मासेमारी सोडून त्याला सहा वर्षं झाली होती, पण जाळं अजून दुरुस्त होतच होतं.

"कर की सही," मी म्हटलं. "आता कुणाला लाजतोस? आता तर त्याचेच लाड चाललेत."

"लाजत नाही मी."

"मग?"

"मी उत्तर दिलंय, सोल्फ्रिड. सत्तर साली. लेखी."

"ते कोण बघतंय आता!"

"मी बघितलंय. मीच लिहिलंय." त्यानं सुई खाली ठेवली. "एकाच माणसानं, एकाच अक्षरात, सरकारला आधी नाही सांगायचं आणि फायदा दिसला की हो सांगायचं? दोन्हींतला एक कागद खोटा ठरतो."

"पहिला खोटा होता, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे!"

"गावाला आहे. सरकारला नाही." मग तो म्हणाला, "शेवटी आमच्या घराचा कागद भरला तेव्हा आई चुलीशी उभी होती. मी तिला प्रश्न वाचून दाखवला. नॉर्वेजियनमध्ये. तिला तो नीट कळलाच नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी 'नाही' लिहिलं."

जिला नॉर्वेजियन प्रश्न कळत नाही ती बाई घरात कोणती भाषा बोलत असेल, हे सांगायला शिरगणतीचा माणूस लागत नाही.

सोमवारी सकाळी बघते तर हागबार्ट त्याच चामडी पिशवीत त्या सरकारी कागदाच्या कोऱ्या प्रती घेऊन रस्त्यावर. बर्फ कुंपणाएवढं, आणि हा त्र्याहत्तर वर्षांचा गडी काठी टेकत चाललेला. इडुन मागून ओरडत होती, "आजोबा, सही एकाच कागदावर हवीय! तुमच्या!"

"माझा कागद शेवटी. आधी बाकीच्यांची सत्तरची उत्तरं दुरुस्त करतो."

एकतीस घरांतली बरीच आता बंद होती, काहींत शहरातले लोक सुट्टीला येत. त्याचं स्वतःचं सोडून माणसं राहत होती ती एकोणीस घरं. प्रत्येक घरी आधी कॉफी, मग हवामान, मग कोण आजारी आहे ते, आणि मग प्रश्न. या वेगानं शुक्रवार गाठणं अवघड होतं. इडुननं गाडीतून नेते म्हटलं, तर म्हणाला, मागच्या वेळी मी चालत गेलो होतो.

गावात दुसरं काही घडत नसल्यानं रोजचा वृत्तांत मला दुकानात मिळत होता. एडगारनं आधी विचारलं, हो म्हटलं तर काय मिळतं? काही नाही म्हटल्यावर त्यानं विचार करायला एक दिवस मागून घेतला. बोर्गहिल्ड म्हणाली, आमच्यात फिनलंडकडचं रक्त आहे असं ऐकलंय, तो रकाना आहे का? नुरमन राष्ट्रीय दिनाला निळा सामी पोशाख घालून सगळ्यांच्या पुढे चालतो. तो म्हणाला, "हे काय विचारणं झालं? आम्हाला तर कायमच अभिमान होता!"

"तुझ्या बापानं सत्तर साली मला पायऱ्यांवरून ढकललं होतं," हागबार्ट म्हणाला. "नुसतं विचारलं म्हणून."

आणि टोर्फिन. गावाच्या नावाची सामी भाषेतली पाटी रस्त्यावर लागली तेव्हा तिला रातोरात बंदुकीची भोकं पडली होती. कुणी पाडली ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. टोर्फिन बराच वेळ कॉफी ढवळत बसला आणि शेवटी म्हणाला, "हो लिही. पण पेन्सिलनं लिही."

मी पोट धरून हसले. चार दिवस मी दुसरं काही केलंच नाही. नुरमनची नक्कल करायची, टोर्फिनची करायची, आणि बाकीच्यांनी हसायचं. मला एकदाही सुचलं नाही की एकोणिसावं घर माझं आहे.

शुक्रवारी दोन वाजता तो माझ्या दारात होता. इडुन बाहेर गाडी चालूच ठेवून बसली होती. मी कॉफी ओतली. हवामानाचं झालं. एडगारचं 'हो' आल्याचं झालं. मग त्यानं कागद काढला, चष्मा चढवला आणि मला परक्यासारखं विचारलं, "या घरात सामी भाषा बोलली जात होती का?"

माझ्या तोंडात 'नाही' तयार होतं. आणि ते खोटंही नव्हतं. आई घरात बोलायचीच नाही. 'ये', 'जेव', 'दार लाव' एवढंच, तेही मोडकंतोडकं. आम्हा बहिणींना वाटायचं, आई अबोल आहे. थोडी मंद असावी, असंही वाटायचं. मी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"घरात नाही," मी म्हटलं. "गोठ्यात."

त्यानं वर बघितलं.

"मी सात वर्षांची असेन. बादली घेऊन गोठ्यात गेले तर आई गाईशी बोलत होती. लांबलचक बोलत होती, मध्येच हसत होती. इतकं बोलताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. मला बघून गप्प झाली आणि म्हणाली, बादली ठेव." मी त्याचा कप उगाच पुन्हा भरला. "मला त्या गाईचा हेवा वाटायचा, हागबार्ट. अजून वाटतो."

त्यानं कागदावर बोट ठेवलं. "इथे 'घरात' असं छापलंय."

"गोठा घराला लागूनच होता. भिंत एकच होती."

त्यानं जरा विचार केला, आणि 'हो' लिहिलं. शाईनं. मग स्वतःचा कागद काढून माझ्याच टेबलावर सही केली. तीन वाजून दहा मिनिटांनी इडुन सगळे कागद घेऊन पळाली.

मदत मंजूर झाली. नवे माग आले, आणि दोघी बायका स्टाइन्नेसहून कामाला येऊ लागल्या, म्हणजे पलीकडच्या गावचे सामी अखेर सापडले. ग्रेने हॅम्बुर्गला गेली. प्रत्येक पांघरुणाला एक चिठ्ठी लावलेली, चिठ्ठीवर रेनडिअर. हागबार्टनं सोबत पाठवलेले एकोणीस कागद मात्र कचेरीनं परत धाडले. कळवलं की या माहितीची आवश्यकता नाही, आणि अक्षर फार छान आहे.

मग तो पुन्हा निघाला, ज्याचा कागद त्याला परत द्यायला. टोर्फिननं आपला फ्रेम करून घेतला म्हणतात, पेन्सिलवर शाई फिरवून. माझ्याकडे तो याही वेळी शेवटीच आला. कागद टेबलावर ठेवला आणि टोपी घालायला लागला.

"थांब," मी म्हटलं. त्या शुक्रवारी जे विचारायचा धीर झाला नव्हता ते विचारलं. "तुमच्याकडे दूध आमचंच यायचं. न्यायला तू यायचास."

"हो."

"गोठ्याच्या दाराशी उभा राहायचास."

"धार काढून होईपर्यंत."

"तुला कळायचं ना ती काय बोलायची ते?"

त्यानं टोपी हातातच ठेवली. "कळायचं."

"काय बोलायची?"

"तुझंच बोलायची. रोज तुझंच." तो दाराकडे बघत म्हणाला, "गाईला सांगायची, आमची धाकटी आता इतकं भरभर नॉर्वेजियन बोलते की मला तिचं काही कळतच नाही. हसत सांगायची. फार कौतुकानं."

मी त्याला बस म्हटलं आणि कॉफी पुन्हा गरम करायला ठेवली.