आप्पांच्या मुक्कामाची लिंक

भूतखेत, चकवा... असलं कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जाते. मोबाईल अ‍ॅप बनवणं हे माझं काम. चूक असेल तर ती कोडमध्येच सापडते, असं मानणारी मी. तरी हे लिहितेय, कारण मनात ठेवून जड झालंय.

आमचं गाव न्हावरे. घरचे सगळे शेतीत स्थिरावले. एकटे माझे चुलते — आप्पा — अजून मेंढरं घेऊन फिरायचे. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात, त्यामुळे मुक्काम सारखा बदलायचा आणि इकडे काकूचा जीव टांगणीला. म्हणून मी घरापुरतं एक अ‍ॅप केलं. आप्पांनी नकाशाची लिंक टाकायची, काकूने बटण दाबायचं, की नकाशा उघडणार.

आप्पा कसली लिंक टाकतात! वाटसरूला सांगावं तसं मोबाईलला बोलून सांगायचे, "खुटबावच्या म्होरं, पाटाच्या कडंनं या, बाभळीखाली हाय." तेच वाक्य तस्संच उमटायचं. आता अ‍ॅपला ही नुसती अक्षरं. त्यांचा आधी वेब-पत्ता बनवावा लागतो. असल्या वाक्याचा तो बनतच नाही. कोडच्या हाती 'निल' येतं, म्हणजे काहीच नाही, आणि बटण करडं राहतं, दाबलं तरी काही उघडत नाही.

मी चिडवायचे, "आप्पा, तुमचा पत्ता मशीनला कळत न्हाई!"

"मशीनला न्हाई कळला तर न्हाई. तुझ्या काकूला कळतुया न्हवं?"

त्या दुपारी आप्पा फोन उचलेनात. अ‍ॅप उघडलं... नेहमीसारखंच पाट-बाभळीचं वाक्य, पण खाली बटण निळं! दाबलं तर नकाशा, त्यावर खूण. काकूला स्कूटीवर बसवून निघाले. पाट लांबच लांब, बाभळी कितीतरी — नुसत्या वाक्यावर ते सापडले नसते. खुणेपाशीच आप्पा आडवे होते, छाती धरून, भोवती मेंढरं. काकूने डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजलं. "आलीस व्हय," एवढंच म्हणाले, आणि तिच्याकडे बघत बघतच गेले.

नंतर तेच वाक्य मी कोडमधून कितीदा घालून पाहिलं — दर वेळी निल. ऑफिसातल्यांनाही दाखवलं, कुणाला काही सांगता आलं नाही. मलाही आजवर उलगडा झालेला नाही.

काकू मात्र अजून संध्याकाळी मोबाईल पुढे करते. "बघ की गं, आज कुठं मुक्काम टाकलाय त्यांनी?"

मी बघते. "अजून काय टाकलं न्हाई, काकू," म्हणते, आणि तोंड फिरवून रडते.