आपांना ऐकवायचं राहिलेलं पान

जालना रोडवरच्या एका गावात जिल्हा परिषदेची उर्दू शाळा आहे. तिथं मी मराठी शिकवायचे. पहिल्याच तासाला म्हटलं, "पुस्तकं उघडा," तर अख्ख्या वर्गानं पुस्तकं मागून उघडली. उर्दू उजवीकडून वाचायची सवय! मी कपाळाला हात लावला आणि पोटभर हसले.

शाळेसमोर आपांचं घर. आपा म्हणजे ताई; सगळं गाव त्यांना तेच म्हणायचं. आपा आमच्याच शाळेत गणित शिकवायच्या आणि शाळा भरायच्या आधी स्वतःच्या ओट्यावर मुलांना अरबी. एका पालकानं सुचवलं, हे शाळेतच घ्या की. आपा फणकारल्या, "नक्को. स्कूल सरकार का है, सब का है. ओटा मेरा है."

पण ओट्यावरचं शिक्षण ओट्यावर थोडंच थांबतं? मुलं वर्गात शिरताना सलाम करायची. डबा उघडला की आधी शेजाऱ्यापुढं धरायची. मराठीचं पुस्तक हातून पडलं तरी उचलून डोळ्यांना लावायची. आमच्या बौद्ध घरात देव्हारा नव्हता, पण पुस्तकाला पाय लागला तर वडील असे बघायचे की जेवण गोड लागायचं नाही. त्यामुळं ही पोरं मला परकी वाटलीच नाहीत.

माझी बस लवकर पोचायची. ओट्यावर नुसतं बसून काय करायचं, म्हणून एक दिवस मीही कायदा मागून घेतला. कायदा म्हणजे अरबीची अंकलिपी. उघडला, तर पोरं फिदीफिदी हसायला लागली. मी सवयीनं डावीकडून उघडला होता आणि समोर शेवटचं पान होतं.

"मॅडम, आप तो पैलेच दिन खतम करके बैठ गए!" आपा म्हणाल्या. वर्गाला हसले होते, त्याची भरपाई झाली.

मग रोज एकेक ओळ. घशाच्या तळातून काढायची ती अक्षरं माझ्या गळ्यातून काही केल्या निघायची नाहीत. आपा कान द्यायच्याच, पण नजर अक्षराखाली ठेवलेल्या माझ्या बोटावर असायची. बोट जरा ढळलं की, "उंगली किधर गई?" त्यांच्या ओट्याचा एक रिवाज होता. ज्यानं शेवटचं पान समोर बसून ऐकवलं, त्याला आपा खजूर भरवायच्या आणि आपल्या शेजारी चटईवर बसवायच्या. मग नव्यानं आलेल्या पोराचं पहिलं अक्षर त्यानं ऐकायचं. मला ती जागा हवी होती. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं सांगायला लाज वाटावी इतकी हवी होती.

एकच पान राहिलं होतं, आणि बदलीचा आदेश आला. सोयगाव! जिल्ह्याचं दुसरं टोक. दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं.

सोयगावहून फोन केला की आपांचा पहिला प्रश्न, "सबक याद है ना?" मी म्हणायचे, आत्ताच ऐका की. "फोन पे नक्को. उंगली कैसी दिखेगी मेरेकू? सुट्टी में आओ, खजूर रखी हूं."

सुट्टी लागायच्या आधीच आपा आजारी पडल्या. मुलीनं त्यांना हैदराबादला नेलं आणि त्या तिकडंच गेल्या. मला कळलं तेव्हा माती देऊनही झाली होती.

मध्यंतरी त्या गावाला गेले. ओट्यावर आता कुणाची तरी मोटारसायकल उभी असते. कडेला टेकले आणि पिशवीतून कायदा काढला. सोयगावच्या एकट्या खोलीत मी ते पान इतक्यांदा घोकलंय की डोळे मिटूनही म्हणता येईल. तरी बोट ठेवलं. समोर कुणी नव्हतं. आपांची इतकी आठवण आली की ओठच हलेनात.

पहिल्या दिवशी चुकून हेच पान उघडलं होतं. तेव्हा आपा समोर होत्या आणि मला वाचता येत नव्हतं. आता वाचता येतं.