पाठिंब्याच्या तारा

आमच्या हमा गावात तारमास्तर एकच, अबू वस्फी. म्हणजे वस्फीचा बाप. फ्रेंच जाऊन आपलं सरकार आलं त्याला पुरती तीन वर्षं होत नाहीत, तोच एका कर्नलने पहाटे रणगाडे आणून ते सरकार उचलून ठेवलं. त्या दिवसापासून गावाला नवं काम लागलं, पाठिंब्याची तार. दमास्कसचा रेडिओ रोज संध्याकाळी आलेल्या तारा वाचायचा, आणि ज्याचं नाव त्यात नाही त्याच्याकडे शेजारी जरा वेगळंच बघायचे.

मग सगळे अबू वस्फीच्या खिडकीशी. खाटकांचा मुखिया अबू दीब घशात खडा अडकल्यासारखा खरखरायचा, "लिही मास्तर, आमचं रक्त हजर आहे."

"कुणाचं? तुमचं की मेंढ्यांचं?"

"जे स्वस्त पडेल ते लिही."

अबू वस्फी गावभराच्या तारा लिहायचा, स्वतःची मात्र नाही. म्हणायचा, "मी खात्याचा माणूस. मी पाठवतो, बोलत नाही."

वस्फी शाळेत भूगोल शिकवायचा. मे महिन्यात एका पोराने राजधानी विचारली, तर हा म्हणाला, "दमास्कस. निदान आज सकाळपर्यंत तरी होती." दुपारी शिपाई आले आणि त्याला घेऊन गेले.

उम्म वस्फीने, म्हणजे त्याच्या आईने, तीन महिने एकच धोशा लावला, "अहो, खाटकाच्या रक्ताला तुमच्याकडे शब्द आहेत. पोटच्या पोराला दोन ओळी नाहीत?"

शेवटी ऑगस्टात अबू वस्फीने तार लिहिली. तसं सुंदर त्याने कधी लिहिलं नव्हतं. "माझं घर तुमचं, माझा मुलगा तुमचा. बापाच्या मायेने त्याला मोकळं करा." खाली पूर्ण नाव, गाव, हुद्दा. दुसऱ्या संध्याकाळी रेडिओवरच्या माणसाने ती नाकातून, एकेका शब्दाला इस्त्री करत वाचली. 'मोकळं करा' तेवढं गाळलं. तरी उम्म वस्फीने गल्लीत पनीरची मिठाई वाटली.

पहाटे दुसरा कर्नल आला. पहिल्याला गोळ्या घातल्या. रेडिओवर माणूस तोच, नाक तेच: "जुलमी गेला, बंधूंनो."

जुलमी माणसाने डांबलेले सगळे सुटू लागले. न्हाव्याचा भाऊ चौथ्या दिवशी घरी आला. वस्फी आला नाही. अबू वस्फी कोट घालून छावणीवर गेला. कोवळ्या मिशीच्या लेफ्टनंटने फाईल उघडली.

"ही तार तुमचीच ना, काका? 'माझा मुलगा तुमचा.' आता त्या जुलमी माणसाचा मुलगा आम्ही कसा सोडायचा?"

"साहेब, ती मी पोराला सोडवायला लिहिली होती."

"सगळेच कशासाठी तरी लिहितात."

न लिहिता गप्प बसला असता तर न्हाव्याच्या भावाबरोबर वस्फीही आला असता, हे गल्लीत सगळ्यांना कळत होतं. उम्म वस्फीला सगळ्यात जास्त. तिने धोशा लावणं सोडलं. बोलणंच सोडलं म्हणा ना.

दर गुरुवारी ती तुरुंगाच्या फाटकावर डबा पाठवायची. नोव्हेंबरात डबा भरलेलाच परत आला. "इथे नाही," एवढाच निरोप.

डिसेंबरात तिसरा कर्नल आला. खिडकीशी पुन्हा रांग. अबू वस्फी आता कुणाला टोमणा मारत नव्हता. प्रत्येक दोन तारांमध्ये तो एक स्वतःची घालायचा, खिशातले पैसे गल्ल्यात टाकून: वस्फी, वडील रुश्दी, भूगोलशिक्षक, तुमच्याकडे आहे का? दमास्कस, हलब, पालमिरा, देर अझ-झोर, जिथे जिथे तुरुंग तिथे. उत्तरं त्याच यंत्रावर यायची, त्यालाच उतरून घ्यावी लागायची. नाही. नाही. नाही.

शेवटचं पालमिराहून आलं: या नावाची नोंद कधीच झालेली नाही.

अबू वस्फीने ते स्वच्छ अक्षरात उतरवलं. पाकिटात घातलं, वर स्वतःचं नाव लिहिलं, आणि वहीत पोच म्हणून सही केली. मग कागद पुढे ओढला.

"बोला, अबू दीब."

खाटकाने टोपी काढून हातात घेतली. मागची रांग ढोसू लागली, तेव्हा हळूच म्हणाला, "मागच्या कर्नलचीच लिही, मास्तर. फक्त नाव बदल."