एकवीस दिवसांचं ओलेतं

काल अन्नपूर्णाबाईंचं तेरावं झालं. आमच्याच अंगणात पंगत बसली होती. मी ताक वाढत होते. तेवढ्यात देवळाचे मुख्य पंच शंकरराव पाटावरून उठले, उपरणं सावरलं आणि म्हणाले, "अन्नपूर्णाबाईंच्या हाताला देवीचा स्पर्श होता. असा हात आता लोणारात होणे नाही."

पंगतीनं माना हलवल्या. मी ताकाचं भांडं खाली ठेवलं आणि मागल्या दारी गेले. ज्या हाताला या माणसानं नऊ वर्षं देवळाच्या चुलीला लागू दिलं नाही, त्या हाताचं कौतुक करून तो वर आमचा भात जेवत होता.

आज सकाळी पूजा झाली, पोथीचा अध्याय झाला, तरी राग जागचा हलला नाही. म्हणून वहीत आज तिथी-वार, आल्यागेल्याचं काही लिहीत नाही. बाईंचं लिहिते.

बाई मूळच्या संग्रामपुराकडच्या. आमच्या आळीतल्या देवळाच्या पुजाऱ्याला दिल्या. तिशीच्या आत नवरा गेला. पूजा चुलत दिराकडे, शालिग्रामबुवांकडे गेली आणि नैवेद्याची चूल बाईंकडे राहिली. चुलीमागची एक खोली राहायला, आणि पोटाला देवाचा प्रसाद. प्रसाद म्हणजे बहुतेक गोडच. गुळाचा शिरा, पुरण, लापशी. अठरा वर्षं त्या बाईचं जेवण हेच.

आमच्या देवळाचा रिवाज कडक. नैवेद्य ओलेत्यानं करायचा. म्हणजे आडावर आंघोळ करायची, लुगडं पिळायचंही नाही, तसंच निथळतं अंगावर ठेवून चुलीपुढं बसायचं. मध्ये कुणाचा पदर लागला की पुन्हा आंघोळ, पुन्हा ओलं लुगडं. श्रावणात तर बाईंचं अंग पहाटेपासून दुपारपर्यंत कोरडं होत नसे. आणि देवाआधी चाखायचं नाही. बाईंनी अठरा वर्षांत चिमूटभर आमटीही जिभेला लावली नव्हती. उकळीच्या वासावरून त्या मीठ ओळखत. मी एकदा म्हटलं, "बाई, वासाला मीठ कसं कळतं?" तर म्हणाल्या, "वैनी, तुमाले मास्तराइचा राग पावलावरून नाही कळत? तसंच." आमचे हे शाळेत हेडमास्तर. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणतात. राग पावलावरून कळतो हे खरंच होतं.

चौसष्टच्या श्रावणात बाईंच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. कातडी पांढरी पडून सोलायची, खाली लालभडक. मग नखांच्या कडा सुजल्या. बाई हळद-तेल लावत, पुन्हा ओल्यात हात घालत. भाद्रपदात तोंड आलं. जिभेवर दह्याच्या साईसारखा पांढरा थर. खरवडला तर निघे, आणि खालून रक्त येई.

एके दिवशी आडावर चूळ भरताना शालिग्रामबुवांनी ती जीभ पाहिली. बुवांना सुनेसाठी ती चूल आणि ती खोली हवी होती, हे आळीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. संध्याकाळी त्यांनी सभामंडपात पंचांसमोर बाईंना उभं केलं.

"दाखवा जीभ," शंकरराव म्हणाले.

पन्नाशीकडे झुकलेल्या बाईनं दहा पुरुषांसमोर जीभ बाहेर काढली. मी खांबाआड उभी होते.

"साय आहे ही," बुवा म्हणाले. "देवाआधी साय खाते. देवानंच जिभेवर छाप उठवली. अन् हात पाहा, ज्या हातानं उचलली ते हात."

"बुवा," बाई म्हणाल्या, "साय खाल्ली असती तं ती पोटात गेली असती. महिनाभर जिभेवर कोन ठेवते?"

एकदोघे हसले. शंकरराव हसले नाहीत. त्यांनी प्रायश्चित्त सांगितलं. एकवीस दिवस पहाटे धारेच्या झऱ्याखाली स्नान, ओलेत्यानंच देवळापर्यंत येऊन एकवीस प्रदक्षिणा, आणि लुगडं अंगावरच वाळू द्यायचं. जीभ साफ झाली तर देवानं क्षमा केली असं धरून चूल परत. नाही झाली तर चूलही नाही, खोलीही नाही. त्या पंचांत आमचे हे होते. हे काही बोलले नाहीत.

आणि मी? मी बाईंना घरी नेऊन चहा दिला आणि म्हटलं, "करून टाका बाई. देव पाहतो आहे. एकवीस दिवस म्हणजे किती?" हे मी म्हटलं, दुसऱ्या कुणी नाही. शंकररावांचं नाव लिहिताना हेही लिहिलं पाहिजे.

धारेचं पाणी स्वच्छ, बारमाही वाहतं. पाण्याचा काही दोष नाही. बाई पहाटे त्याखाली उभ्या राहत आणि पायऱ्या चढून येत, तेव्हा लुगड्यातून पाणी ठिबकत असायचं. आळी दारात उभी राहून बघायची. दहाव्या दिवशी काखेत आणि कमरेच्या गाठीखाली कातडी सोलली. पंधराव्या दिवशी घास गिळवेना. मी म्हणाले, थांबा आता. तर म्हणाल्या, "सहा दिवस राह्यले वैनी. माह्या चुलीचा प्रश्न आहे." एकविसाव्या दिवशी बुवांनी पुन्हा जीभ पाहिली. थर दुप्पट झाला होता. बुवा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, देवानं सांगितलं."

पंचांनी खोली रिकामी करायला आठ दिवस दिले.

माझ्या बहिणीची मुलगी शरयू तेव्हा नुकतीच डॉक्टर होऊन खामगावात एका खाजगी दवाखान्यात लागली होती. मी ह्यांना सांगितलं की बाईंना घेऊन उद्या जाते. हे म्हणाले, "कशाला गावभर करता? पंचांचा निर्णय झाला आहे."

"निर्णय जिभेला कळत नाही," मी म्हटलं. लग्नानंतर पहिल्यांदाच मी ह्यांना उलट बोलले असेन. पहिल्या एसटीनं आम्ही मेहकरमार्गे खामगावला निघालो.

शरयूनं बाईंची जीभ पाहिली, बोटं पाहिली, लघवी तपासली. मग नखाच्या कडेचं आणि जिभेवरचं थोडं खरवडून काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकात मला दाखवलं. गोल गोल दाणे होते, खसखशीसारखे.

"यीस्ट आहे मावशी. जिलबीचं पीठ ज्यानं आंबतं त्याच्या नात्यातलं. हे तुझ्याही तोंडात असतं, माझ्याही. गुपचूप पडून असतं."

"मग आम्हाला काही होत नाही ते?"

"थांब, दाखवते." तिनं रक्तातलं निवळ पाणी एका नळीत घेतलं, त्यात ते दाणे सोडले आणि नळी अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवली. "तीन तास लागतील. तोवर जेवून घ्या."

आम्ही व्हरांड्यात शिदोरी सोडली. बाईंनी भाकरी दुधात कुस्करून कशीबशी खाल्ली. तीन तासांनी शरयूनं आधी बाईंना डोळा लावायला सांगितला. बाईंनी बराच वेळ पाहिलं.

"बाई वो," त्या म्हणाल्या. "हे तं मोड आलेल्या मटकीवानी दिसते."

मी पाहिलं. खरंच, प्रत्येक गोल दाण्याला एकेक लांब कोंब फुटला होता.

"बरोबर बोललात काकू," शरयू म्हणाली. "हे कोंब कातडीत घुसतात. बाहेर गोल असतं तोवर ते गरीब असतं. अंगातलं पाणी आणि ऊब लागली की रूप बदलतं."

"असं कोण शिकवतं त्याला?" मी विचारलं.

"कुणी नाही. त्याच्या पोटात एक पोथी असते असं समज. पोथी एकच, अध्याय पुष्कळ. सगळे अध्याय एकदम वाचत नाही ते. कोरड्यात गोल राहायचा अध्याय उघडतं, ओलसर उबेत कोंब काढायचा. कुठल्या वेळी कुठला उघडतो, कसा उघडतो, यावर आता परदेशात अभ्यास चालू आहे. आपल्या अंगाचंही तसंच. घुसखोर दिसला की आपल्याही पोथीतले लढाईचे अध्याय उघडतात, रक्तातले राखणदार धावतात. ती लाली, ती सूज त्यांच्याच झटापटीची. पण काकूंच्या लघवीत साखर आहे, भरपूर. साखर वाढली की राखणदार सुस्त होतात, आणि यीस्टला मात्र मेजवानी. काकू, तुम्ही जेवता काय रोज?"

"देवाचा प्रसाद," बाई म्हणाल्या. "शिरा असते, पुरन असते."

शरयू माझ्याकडे बघत राहिली. मी खाली पाहिलं.

बाई मात्र काचेपासून हलल्या नव्हत्या. "वैनी," त्या म्हणाल्या, "मटकीले मोड कसे आनता तुमी?"

मी शिदोरीच्या फडक्याची घडी घालू लागले.

"मी सांगतो. भिजवाची, ओल्या फडक्यात बांधाची, उबेले ठेवाची. मंग एकवीस दिवस मले काय केलं तुमी सगळ्यायनं? ओल्या फडक्यात बांधलं. मी चोर नोती वैनी. मी मटकी होती."

असं म्हणून त्या हसल्या. हसताना ओठ फाटून रक्त आलं. त्या हसण्यानं मला जो राग आला तो आजवर पुरला आहे.

औषध साधं होतं. जिभेला आणि बोटांना लावायचं जांभळं पाणी, साखर उतरवायच्या गोळ्या, गोड बंद, आणि कोरडं राहायचं. शरयूनं तीनदा बजावलं, कोरडं.

परत आल्यावर मी मटकीच्या दोन पुरचुंड्या बांधल्या. एक भिजवून ओल्या फडक्यात, एक कोरड्यात. दोन दिवसांनी पंच बसले तेव्हा बोलावणं नसताना गेले आणि शंकररावांपुढं दोन्ही सोडल्या. एकीत बोटभर मोड, दुसरीत दाणे जसेच्या तसे. मी सगळं सांगितलं, यीस्टचं, कोंबांचं, साखरेचं.

शंकररावांनी मोड आलेली मटकी बोटानं ढकलली. "मास्तर, घरात उसळ असेल तर घरीच खावी. मंडपात काय तिचं?"

मंडप हसला. हेही हसले. थोडंसंच, पण मी पाहिलं.

"हसा," मी म्हटलं. "ओलं लुगडं देवानं मागितलं का तुम्ही? देवाला आंघोळ घालता तर आधी त्याला पुसून मग वस्त्र नेसवता. कोरडं. ओल्यात देवाला ठेवत नाही तुम्ही, बाईला ठेवता."

मग शंकरराव म्हणाले, "शास्त्र बायकांकडून शिकायची वेळ आमच्यावर आली नाही अजून." खोली गेली. बुवांची सून नवव्या दिवशी तिथं चूल सारवायला आली.

बाईंना मी आमच्या परसातली लाकडं ठेवायची खोली दिली. ह्यांना विचारलं नाही. चार दिवसांनी ह्यांनीच बाजारातून एक जाड पंचा आणून खोलीच्या दाराशी ठेवला. हात पुसायला. त्याहून जास्त माफी मागणं ह्यांना येत नसे.

दीड महिना बाईंचे हात जांभळे होते. मुलं त्यांना वांगंबाई म्हणायची. बाई म्हणायच्या, "भरीत करू नका म्हंजे झालं." दिवाळी झाल्यावर जीभ स्वच्छ गुलाबी झाली, चिखल्या बुजल्या. एक नख मात्र वाकडंच आलं.

चैत्रात रामनवमी आली. बुवांच्या सुनेच्या हातून आदल्याच उत्सवात पुरण करपलं होतं आणि बाहेरगावचे यजमान नावं ठेवून गेले होते. शंकरराव आमच्या अंगणात आले. "झालं गेलं. बाईंनी उद्यापासून चुलीवर यावं. जीभ साफ झाली आहे, म्हणजे प्रायश्चित्त फळलं."

बाई दारात बसून डाळ निवडत होत्या. त्यांना ती चूल किती हवी होती ते मला ठाऊक होतं. रोज घंटेच्या वेळी त्यांचे हात आपोआप थांबत.

"येतो," त्या म्हणाल्या. "धुतलेलं कोरडं लुगडं नेसून येतो. हात कोरडे करून चुलीपुढं बसतो."

"रिवाज ओलेत्याचा आहे, बाई."

"पन प्रायश्चित्तानं फळलं नाही शंकरराव. औषधानं फळलं. तेवढं एकदा मंडपात उभं राहून सांगा, अन् मी येतो."

शंकररावांनी उपरणं झटकून खांद्यावर घेतलं. मग म्हणाले, "देवापेक्षा लुगडं मोठं झालं वाटतं."

"तेच मी इचारून राह्यली," बाई म्हणाल्या, आणि डाळ निवडू लागल्या.

ते गेले. पुन्हा आले नाहीत. त्या दिवसापासून आमच्या घरून देवळात नैवेद्याचं ताट गेलं नाही. बाई आमच्या चुलीवर कोरड्या लुगड्यानं शिजवत, मी माझ्या देवघरात नैवेद्य दाखवत असे. देवानं कधी तक्रार केली नाही. पण बाईंना ते पुरलं नाही हेही मी लिहिते. आमचं देवघर म्हणजे ती चूल नव्हे. नऊ वर्षं त्या घंटेला थांबत राहिल्या. शेवटी साखरेनंच नेलं, पायाच्या जखमेनं. त्या चुलीचं दार त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

आज दुपारी शंकररावांकडून निरोप आला. बाईंची पितळी मोठी पळी देवळात काचेच्या पेटीत ठेवायची आहे, खाली नाव लिहून. पंचांचं एकमत झालं आहे. ह्यांनी निरोप वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"काय कळवू?" ह्यांनी विचारलं.

"मंडपात काय सांगायचं होतं ते अजून सांगितलेलं नाही, असं कळवा."

पळी मी घासली, पुसली, कोरडी करून फडताळात ठेवली. उद्या वरण त्याच पळीनं वाढणार आहे.