तीन दुकानं, एक चूल

समोर उभा असलेला माणूस घरून जेवून निघाला आहे, यावर आमच्या साडभाऊंचा उभ्या आयुष्यात एकदाही विश्वास बसलेला नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अशा माणसाने खरं तर दुकानाच्या वाटेला जाऊच नये. यांनी भावांना हाताशी धरून तीन काढली, तीही पेट्रोल पंपांवर. किन्हीराजाला हे स्वतः, जऊळक्याला मधला, मानोऱ्याला धाकटा. पंपाच्या कडेला काचेच्या दाराचं दुकान आणि तिन्ही पाट्यांवर वडिलांचं एकच नाव. आत बिस्किटं, वेफर्स, थंड बाटल्या, म्हणजे गाडी थांबली की माणूस जे जे उचलतो ते सगळं. आणि गल्ल्यावर बसलेले आमचे साडभाऊ गिऱ्हाइकाच्या हातातलं पाकीट काढून घेऊन म्हणणार, "हे कायले खाता? अर्धी त हवा हाय यात. बसा, भाकर खा." एका पुण्याच्या गाडीतल्या पोरांना त्यांनी वेफर्सऐवजी भाकर-ठेचा खाऊ घातला. पोरं नाकाडोळ्यांतून पाणी गाळत परत गेली आणि त्यांच्या आईने जाताना यांच्याकडे जे पाहिलं, ते यांना अजून कौतुकाचं वाटतं.

एकदा थंड पेयांच्या कंपनीचा साहेब आला होता. दुकान पाहून नवा फ्रिज द्यायचा की नाही ते ठरवणार होता. यांनी त्याला बेसन, भाकर, कांदा, वर ताक असं काही वाढलं की साहेब तिथेच पाण्याच्या खोक्यांना टेकून झोपी गेला. उठला तेव्हा उन्हं कलली होती. दुकान न पाहताच तो घाईघाईने निघाला आणि फ्रिज गेला पलीकडच्या धाब्याला. माझा संताप संताप झाला. हे मात्र मला समजावत होते की बिचारा किती दिवसांनी निवांत झोपला असेल! आता यावर काय बोलावं, सांगा.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. वडील जाताना म्हणाले होते म्हणे, दुकानं तीन करा, पण चूल एकच ठेवा. वडील तसं काही बोलून गेले की आपण मान डोलावतो आणि आपापला गॅस पेटवतो. यांनी ते शब्दशः धरलं. तिन्ही घरांचा स्वयंपाक किन्हीराजाला व्हायचा आणि हे मोटारसायकलला दोन्ही बाजूंना डबे बांधून वाटायला निघायचे. जऊळका जवळ, त्याचं ठीक आहे. पण मानोरा! गाव मागून गाव, एप्रिल-मेचं वऱ्हाडी ऊन, आणि हे भाजी हिंदकळू नये म्हणून बैलगाडीच्या चालीने चाललेले. दुकानाचं दार ओढून अर्धा दिवस जायचा. मी चिडलो की म्हणायचे, "गिऱ्हाईक येते न जाते, सर. भाऊ एका भाजीवर असले पायजेत."

मग नवा मोठा रस्ता झाला आणि किन्हीराजा-जऊळक्यावरून जाणाऱ्या गाड्या तिकडे वळल्या. खोक्यांवर धूळ बसू लागली. मानोरा त्या रस्त्यापासून बाजूला, तिथल्या गाड्या तशाच राहिल्या, म्हणून धाकट्याचं दुकान तेवढं चालत होतं. त्या दिवाळीत तिघं भाऊ बसले आणि मास्तर माणूस म्हणून मला मधात बसवलं. मला वाटलं, धाकटा आता वाटणी मागणार. तो बराच वेळ सतरंजीचा दोरा ओढत राहिला. मग म्हणाला, "दादा, दुकान वेगळं कर म्हणत नाही मी. पण डबा बंद कर. तो येते तवा तीन वाजते. इतके वर्षं माहे लेकरं तुह्या डब्यासाठी उपाशी राहून राह्यले."

दादांना वाईट वाटेल म्हणून धाकट्याच्या बायकोने कधी साधी खिचडीसुद्धा चढवली नव्हती. मला धाकट्याचा राग आला. पण त्याचं खोटं काय होतं? साडभाऊ म्हणाले, "मंग सांगितलं काहून नाही?" आणि उठून उष्टे कप विसळायला गेले.

डबा थांबला. मग येणंजाणं कमी झालं, आणि वर्षभरात मानोऱ्याची पाटीही बदलली. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं, निदान कुणीतरी मिटवलं असतं.

परवा मी किन्हीराजाच्या दुकानात बसलो होतो. धाकट्याची गाडी पंपावर थांबली. तो आत आला, मला नमस्कार केला, फळीवरून बिस्किटाचा पुडा घेतला आणि गल्ल्यापाशी आला.

"किती झाले, दादा?"

घरच्या माणसाने त्या दुकानात हे कधी विचारलं नव्हतं. साडभाऊंनी चष्मा लावला, पुडा उलटा केला, सुलटा केला, त्यावरची किंमत शोधत राहिले. शेवटी म्हणाले, "वीस." धाकट्याने फोन काढून गल्ल्यावरच्या कोडसमोर धरला. शेजारच्या बोलक्या डबीतून एका बाईने वीस रुपये मिळाल्याचं खणखणीत आवाजात सांगितलं. धाकटा "येतो" म्हणाला आणि गेला.

गाडी दिसेनाशी झाली तरी हे रस्त्याकडे पाहत होते.

"सर, बिस्किटं कायले घेतले असतील त्यानं? उपाशीच निंघाला असंल." मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "मले इचारताच आलं नाही."

मला भूक मुळीच नव्हती. "भाऊ, वाढा बरं काहीतरी," मी म्हणालो, आणि ते भाकर आणायला आत गेले.