फाइलच्या माथ्यावरचं नाव

आमच्या ऑफिसात प्रत्येक फाइलच्या माथ्यावर, प्रोग्रामचा कोड सुरू होण्याआधी, ती काय काम करते हे साध्या भाषेत लिहिलेलं असतं आणि त्याच्यावर एक ओळ: लेखक अमुक. ही ओळ कुणी टाइप करत नाही. फाइल ज्या लॅपटॉपवर तयार होते, त्याच्या मालकाचं नाव आपोआप पडतं. माझ्या फाइलींवर माझ्या नवऱ्याचं पडलं.

आम्ही दोघं एकाच कंपनीत, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. मुलगी झाल्यावर मी महाराजपूरच्या घरूनच काम करायचे, त्याच्या जुन्या लॅपटॉपवर. औषधांच्या साठ्याचा अख्खा भाग तिथे लिहिला. मुलगी मांडीवर, एका हाताने टायपिंग. माथ्यावर कुणाचं नाव पडतंय ते बघायला फुरसत कुणाला होती?

परत ऑफिसात गेले तेव्हा कंपनीच्या मोठ्या सरांनी नव्या पोरांना शिकवायला माझीच फाइल पडद्यावर लावली होती. "देखो, समझाया कैसे है! ऐसा लिखना सीखो।" ओळ न् ओळ माझी. नवरा पहिल्या रांगेत, मान खाली घालून गालात हसत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी सरांना सांगितलं, हे मी लिहिलंय. ते हसले. "अरे भाभीजी, आप दोनों तो एक ही हैं।" ऑफिसातल्या नव्या पोरांसाठीही मी भाभीजी, नवरा मात्र 'सर'.

त्यातच या भागाला प्रमुख नेमायचं ठरलं. ज्याची फाइल, त्याची खुर्ची, असा तिथला रिवाज. मला ती खुर्ची हवी होती. अगदी मनापासून हवी होती.

"काहून फुगून बसली?" नवऱ्याने विचारलं. "नाव घरातच तर आहे ना."

"घरात आहे, माझ्याजवळ नाही."

सासूबाई मटार सोलत होत्या. "नवऱ्याचं झालं म्हणजे तुझंच झालं ना, बेटा."

"मग माझं होऊ द्या, आई. त्याचंही होऊन जाईल."

त्या हसल्या, पण मटार जरा जोरात सोलायला लागल्या. परक्यावर जळणं सोपं असतं, दार लावून मनसोक्त जळता येतं. मी ज्याच्यावर जळत होते त्याला गरम पोळी वाढत होते, आणि तो "मस्त झाली" म्हणत होता.

शेवटी त्याने स्वतःच सगळ्या फाइली उघडल्या आणि आपल्या नावाखाली माझं नाव घातलं. खाली. "माझं पूर्ण काढलं तर कसं दिसेल?" तो म्हणाला. "थोडंफार मी पण दुरुस्त केलंय ना."

सोमवारच्या मीटिंगमध्ये सरांनी त्यालाच प्रमुख केलं. वर म्हणाले, "और भैया का दिल देखिए, अपने काम में पत्नी का नाम भी डाल दिया।" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार?

काम माझं, खुर्ची त्याची, आणि आता मोठं मनही त्याचंच. त्या मोठ्या मनाचा मला खुर्चीपेक्षा जास्त हेवा वाटला.

घरी जाताना स्कूटरवर त्याने मागे वळून विचारलं, "आता तरी खूश आहेस ना?"

"समोर बघ," मी म्हटलं.