सगळ्यांनी सुधारलेला माझा कॉम्प्युटर

मी घरी बसून लूमवाल्यांना कापडाची डिझाइनं करून देते. शर्टाचे चौकडे, पट्टे, लुंगीची किनार, असलं काम. ‘घरी बसून’ हे शब्द आमच्या घरात अशा सुरात उच्चारतात की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई नुसतीच बसते. कॉम्प्युटर जुना झाला होता. फाइल उघडायला टाकावी आणि तोवर भाजी चिरून यावी. मोठं डिझाइन असलं की तो मध्येच गोठायचा आणि सगळी सकाळ पाण्यात जायची.

माझं निम्मं काम एकाच घरातून येतं. पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीत लूम चालवणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडून. एक दिवस त्यांचा फोन आला. “बेटा, काम तुझं एक नंबर. पण टाइम फार लागतो. सुरतचा एक जण दुपारी सांगितलं की शाम तक देतो. मी तरी किती थांबू?” चाचा रागावले असते तर बरं झालं असतं. ते इतकं मऊ बोलले की निम्मं काम हातचं गेलंच, असं मला वाटलं.

त्याच संध्याकाळी मी घरात जाहीर केलं, फाइली पटकन उघडायला एसएसडी, थोडी जास्त रॅम आणि लाइट गेली तर केलेलं काम वाचवायला यूपीएस. बस्स, एवढंच आणायचं. माझा नवरा शाळेत क्लार्क आहे. त्याने चष्मा काढून पुसायला घेतला, तेव्हाच मी ओळखलं की आता सभा भरणार.

सभेचे तज्ज्ञ आमचे भाऊजी. भाऊजी दापोड्याच्या गोदामात ड्युटीला आहेत. बंद खोकी ट्रकमधून उतरवून रॅकवर लावतात, त्यामुळे खोक्याच्या आत काय असतं यावर घरात त्यांचाच शब्द शेवटचा. “वहिनी, एसएसडीचं खोकं एवढुसं असतं. रंगीत लाइटचे पंखे बघा! सकाळी माल आला की संध्याकाळी रॅक साफ. लोक काय येडे आहेत?” मग ते ग्राफिक कार्डावर आले. त्याचं खोकं म्हणे दोन्ही हातांनी उचलावं लागतं. नवऱ्याने मान डोलावली. एवढं जड आहे म्हणजे आत काहीतरी असणारच, असं त्याचं मत पडलं.

सासूबाई पडघ्याकडच्या. त्या म्हणाल्या, “आन् आवाजाचं काय? मला त्या डबड्यात कीर्तन धड ऐकू येत न्हाय.” म्हणजे स्पीकर आले. नवऱ्याने भलामोठा मॉनिटर सुचवला, तोही माझ्याच डोळ्यांसाठी. माझ्या डोळ्यांची ही काळजी त्याला नेमकी क्रिकेटची मालिका सुरू व्हायच्या आठवड्यात वाटू लागली, हा निव्वळ योगायोग. एसएसडी आणि रॅम मी आरडाओरडा करून पदरात पाडून घेतली. यूपीएस मात्र बाद झाला. तो टेबलाखाली राहतो, आल्यागेल्याला दिसत नाही ना!

“अहो, पण सगळ्याला वीज पुरवणारा आतला पॉवर सप्लाय जुनाच आहे,” मी म्हटलं. “दहा लूमच्या मीटरवर पंधरा लूम जोडल्यासारखं होईल.” भाऊजी हसले. “चालतोय ना तो? मग कशाला हात लावायचा?” कपाळ माझं!

सगळं बसलं. कॉम्प्युटर लाल, निळा, हिरवा पेटला. शेजारीपाजारी बघून गेले. सासूबाईंनी कौतुकाने “मखरच हाय गं!” म्हणून हात जोडले. सकाळी कीर्तन, संध्याकाळी मॅच, मधल्या वेळात भाऊजींचे मित्र. माझा नंबर लागायला पुढचा आठवडा उजाडला, तोही चाचांचा फोन आला म्हणून. बाहेरगावची पार्टी यायची होती आणि लुंगीचं डिझाइन संध्याकाळपर्यंत हवं होतं. “इस बार देर नको, बेटा,” ते म्हणाले.

फाइल क्षणात उघडली. मला नाचावंसं वाटलं. अख्खं कापड कसं दिसेल ते बघायला बटण दाबलं आणि फट्! सगळं काळं. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. भाऊजींनी ड्युटीवरून सांगितलं, बंद करून चालू करा. नवरा म्हणाला, “काल मॅच तर झकास दिसली.” माझं डोकंच फिरलं. मी रडले. हो, रडले, चांगली मोठ्याने, त्याच्या तोंडावर.

मग डोळे पुसले, जुना ग्राफचा कागद काढला आणि जमिनीवर बसून रंगीत पेन्सिलींनी एकेक चौकोन भरत किनार काढली. रिक्षा करून चाचांच्या ऑफिसात पोचले. त्यांनी कागद खिडकीपाशी नेऊन निरखला. “चलेगा. पण रोज असं जमणार नाही ना?” मी खरं ते सांगितलं, नाही जमणार. “मग मशीन नीट कर. तोवर थांबतो,” ते म्हणाले. मला इतकं हायसं वाटलं की परतताना रिक्षात पुन्हा डोळे भरून आले.

घरी हे सांगितलं तर नवरा खूश. शेजाऱ्यांना अभिमानाने सांगत सुटला, “आमच्या हिला कॉम्प्युटर लागतच नाही!” आणि आत येऊन मला विचारतो, “मग मॉनिटर हॉलमध्ये घेऊ या का?” अंगाची नुसती लाही झाली. मी उठून कपाटातून दुकानाची पावती शोधून काढली.

दुसऱ्या दिवशी कॅबिनेट रिक्षात घालून दुकानात नेलं. दिव्यांचे पंखे आणि ते वजनदार कार्ड परत केलं, बदल्यात दमदार पॉवर सप्लाय आणि यूपीएस घेतला. घरी येऊन सगळं जोडलं, माझा नवा पासवर्ड लावला आणि चाचांचं पुढचं काम उघडलं. दिव्यांशिवाय कॉम्प्युटर अगदी साधा दिसत होता आणि मुकाट्याने पळत होता.

मॅचच्या वेळेला नवरा खुर्चीमागे येऊन उभा राहिला. मी मान वर केली नाही.

“माझं काम चालू आहे,” मी म्हटलं.

तो थोडा घुटमळला. मग लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच त्याने विचारलं, “किती वेळ लागेल?”

“लागेल तेवढा,” मी म्हटलं.